दिलेला गाळ परत आणला: उमरेड रोडवरच्या एका तलावाच्या नोंदी

नागपूरहून उमरेड रोडने निघालं की तासाभरावर हा तलाव येतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ऑगस्ट 2024 च्या नोंदीत कारण कळेल. चाळीसेक एकरांचा, मालगुजारीच्या काळातला, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जुनी झाडं. मासेमारी गावातल्या धीवरांच्या संस्थेकडे. आम्ही पाच जण, सगळे पोटापाण्याचं सांभाळून रविवारी जाणारे. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, पक्षी ओळखायला शिकलो ते नागपूरच्या फुटाळा आणि गोरेवाडा तलावांवर. तलावाचा पश्चिमेकडचा दीड एकराचा कोपरा आम्ही ‘पक्ष्यांसाठी सुधारायला’ घेतला आणि पहिल्याच वर्षी पुरता बिघडवला. असं काम हातात घेणाऱ्यांनी निदान ते पहिलं वर्ष वाचावं.

15 जानेवारी 2023

सुरुवात मोजणीने. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते, म्हणून आम्हीही हाच रविवार धरला. दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच दोन जागांवरून, सकाळी सात ते दहा.

फक्त आमच्या कोपऱ्यातले आकडे: वारकरी पक्षी 96, जांभळ्या पाणकोंबड्या 31, टिबुकल्या 22, थापट्या बदकं 18, कमळपक्षी 14, हळदीकुंकू बदकं 9. बगळे-ढोकऱ्या धरून एकूण 212.

कोपऱ्याची अवस्था मात्र बघवत नाही असं तेव्हा वाटलं. काठाला बेशरमीच्या झुडपांचं रान, त्यापुढे जलकुंभीचा (जलपर्णीचा) पट्टा, मध्ये शेवाळं आणि कसली कसली पाणगवतं. डोंगा घातला तर वल्ह्याला गुंडाळून येत होती. पाणी किती गढूळ ते बघायला घरच्या जुन्या स्टीलच्या ताटाला काळे-पांढरे चार भाग रंगवले, मध्ये भोक पाडून दोरी बांधली, खाली नटबोल्टचं वजन. ताट पाण्यात सोडायचं आणि दिसेनासं होईल तिथे दोरी मोजायची. 70 सेंटिमीटर. हा आकडा चांगला आहे हे कळायला मला वर्ष लागलं.

12 मार्च 2023

परवानग्या. ग्रामपंचायतीचा ठराव, संस्थेची संमती आणि दोन कार्यालयांत मिळून सहा फेऱ्या. दुकान बंद ठेवून केलेल्या फेऱ्यांचा हिशेब कोणी धरत नाही, तुम्ही धरा. संस्थेचे सचिव भाऊ एवढंच म्हणाले, “करा जी, पन मासोळीले त्रास नका देजा.”

याच बैठकीत मी मोठ्या उत्साहाने सुचवलं की पाणगवत पुन्हा वाढू नये म्हणून येत्या पावसाळ्यात गवत्या माशाची (ग्रास कार्पची) बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडा. सचिव भाऊंना ते पटलं, कारण गवत्या लवकर वजन धरतो. ही सूचना माझी होती, हे इथे लिहून ठेवतो.

7 आणि 8 मे 2023

पाणी आटलं होतं. जेसीबी लावला. ताशी 1,100 रुपये, दोन दिवसांत 20 तास, म्हणजे 22,000. बेशरम मुळासकट उपटली, जलकुंभी ओढून काठावर टाकली. मग चालकाने विचारलं, “गाळ पन काढू का? शेतकरी उभेच आहेत.” खरंच उभे होते, ट्रॅक्टर घेऊन. तलावातला गाळ शेतात नेण्याला आपल्याकडे सरकारी योजनाही आहे आणि परंपराही. आम्ही हो म्हटलं. काठाने 80 मीटर लांब, 12 मीटर रुंद पट्टा सरासरी दीड फूट खरवडला. दीडशेच्या आसपास ट्रॉल्या गेल्या. काठ सरळ कापला गेला, साडेतीन-चार फुटांची उभी भिंत. संध्याकाळी पाळीवर उभं राहून फोटो काढले. स्विमिंग टँकसारखा दिसत होता. आम्हाला ते कौतुक वाटलं.

25 जून 2023

पहिला मोठा पाऊस. काठावर रचलेला जलकुंभीचा ढीग ‘वाळला आहे’ म्हणून तसाच सोडला होता. वरचा वाळला होता, आतला हिरवा होता. पाणी चढलं आणि अर्धा ढीग परत तलावात गेला. दोन आठवड्यांत जलकुंभी दुप्पट होते हे वाचलेलं होतं, आता रोजंदारी देऊन शिकलो. सहा बाया, दोन दिवस, 4,200 रुपये.

नीट पद्धत अशी: काढलेली जलकुंभी पाणी चढतं त्या रेषेच्या वर, पाळीपलीकडे न्यायची आणि पसरून वाळवायची, ढीग करायचा नाही. एवढं करूनही गाळातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे दर पावसाळ्यात कोवळी रोपं हाताने वेचावी लागतातच. बेशरमीचंही तेच. जमिनीत राहिलेला प्रत्येक तुकडा फुटतो. जेसीबीने तिचे केलेले तुकडे आम्ही अजून वेचतोय.

20 ऑगस्ट 2023

पाणी भरलं, चहाच्या रंगाचं. ताट 19 सेंटिमीटरवर दिसेनासं झालं. पावसाळ्यात गढूळ होणारच असं एकमेकांना समजावलं.

लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांची एक जोडी आली, दोन दिवस घिरट्या घातल्या, निघून गेली. हा पक्षी पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर अंडी घालतो. आमच्याकडे पानच नव्हतं.

24 सप्टेंबर 2023

काल पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. दुकानात कमरेइतकं पाणी. गिऱ्हाइकांच्या अकरा मोटरी, वायरची रिळं, सगळं गाळात. पुढचे तीन रविवार तलाव विसरलो. एकच गोष्ट इथे नोंदवण्याजोगी. दुकान धुताना हाताला लागलेला गाळ बारीक, तेलकट, काळा होता, आणि महिन्याभराने मागच्या अंगणात जिथे तो टाकला तिथे कधी न पाहिलेली रोपं वर आली. तेव्हा लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत आलं.

19 नोव्हेंबर 2023

थंडीची बदकं आली. थापट्यांचा थवा आमच्या कोपऱ्यावर उतरला, पाच-सात मिनिटं फिरला आणि उठून पूर्वेकडे गेला, जिथे कोणी काहीच सुधारलेलं नाही.

14 जानेवारी 2024

त्याच दोन जागा, तीच वेळ. एकूण 61. त्यातले 38 छोटे पाणकावळे. वारकरी 7. जांभळी पाणकोंबडी एकही नाही. कमळपक्षी नाहीत. ताट 22 सेंटिमीटरला गायब, तेही जानेवारीत, जेव्हा पाणी निवळलेलं असतं.

पाच जण पाळीवर बसून डबे खात होतो आणि कोणी बोलत नव्हतं. शिंगाडे काढून परतणाऱ्या एक काकू डोंगा बांधून वर आल्या. जन्म याच पाण्यावर गेलेला. त्यांना वही दाखवली तर हसल्या. “पाखरं कायले येतीन बाप्पा? खायाले काय ठेवलं तुमी? तुमी गाळ नाही काढला, तलावाचं बियानं काढलं.”

मग सचिव भाऊही आले, ते वेगळ्याच तक्रारीने. आमचा कोपरा मोकळा झाल्यापासून पाणकावळे तिथे थव्याने शिकार करतात, बोटुकल्यांना लपायला झाडोरा उरला नाही. आणि मरळ गेली. मरळ पाणगवतात घर करते, नर-मादी तिथेच पिल्लांची राखण करतात. गवतच नाही तर घर कुठलं? संस्थेला भाव मरळीचा मिळतो, रोहू-कटल्याचा नाही. आम्ही पक्षी आणि मासे दोन्ही घालवले होते, एकाच खड्ड्याने.

त्या रात्री पक्ष्यांसमोर त्यांचं खाणं मांडून पाहिलं. आधी कोणीच मांडलं नव्हतं. वारकरी पाणगवत खातो, बुडी मारून उपटून आणतो. जांभळ्या पाणकोंबडीला पाणकणसाचे आणि लव्हाळ्याचे कोवळे कोंब लागतात. थापट्या, भुवई ही बदकं बुडी मारत नाहीत, पाण्यावर राहून चोच किंवा फार तर मान बुडवतात, म्हणून त्यांना वीतभर, हातभर पाणी हवं. तुतारी-शेकाट्यांना त्याहून उथळ, घोट्याइतकं. आमचा उभा काठ म्हणजे पहिल्याच पावलाला छातीइतकं पाणी. तिथे फक्त पाणकावळ्याचं फावतं.

गढूळपणाचंही उत्तर त्यातच होतं. मुळं गाळ धरून ठेवतात. मुळं गेली की वारा आणि तळ उकरणारे मासे गाळ ढवळत राहतात, पाणी निवळत नाही, तळाशी ऊन पोचत नाही आणि नवं गवत उगवत नाही. एकदा असं चक्र बसलं की तलाव आपोआप सुधारत नाही. वर माझ्या सल्ल्याने सोडलेले गवत्या मासे. हायड्रिला हे पाणगवत त्यांना जिलबीसारखं आवडतं, जलकुंभीला मात्र ते फारसं तोंड लावत नाहीत. जे राहायला हवं ते खाणार, जे जायला हवं ते ठेवणार.

4 फेब्रुवारी 2024

काकूंचं ‘बियानं’ डोक्यातून जाईना. अंगणातली पुरानंतरची रोपंही आठवली. डार्विनने एकदा तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल फेब्रुवारीत घरी आणून सहा महिने झाकून ठेवला होता. उगवेल ते रोप उपटून मोजत गेला, एकूण 537 भरली. चिखल सगळा एका कपात मावणारा. बदकं पायांना असा चिखल घेऊन एका तळ्यातून दुसऱ्यात बी पोचवतात, हे त्याला दाखवायचं होतं. पोटातूनही नेतात, पुष्कळ पाणवनस्पतींचं बी बदकाच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं.

म्हणून गच्चीवर चार घमेली मांडली. पहिल्यात आमच्या खरवडलेल्या तळाची माती. दुसऱ्यात पूर्वेकडच्या काठाचा चिखल, जिथे बदकं दुपारी बसतात आणि पंज्यांचे ठसे एकावर एक पडलेले असतात. तिसऱ्यात गेल्या मे महिन्यात शेतकऱ्याने नेलेला आमचाच गाळ, त्याच्या बांधावर पसरायचा राहिलेल्या ढिगातला. चौथ्यात साधी शेतातली माती, तुलनेला. प्रत्येकात चार बोटं माती, वर चार बोटं बोअरिंगचं पाणी.

चुका: पहिल्या आठवड्यात घमेली उन्हात ठेवली, पाणी इतकं तापलं की हात घालवेना. हिरव्या जाळीखाली हलवली. मग डासांच्या अळ्या झाल्या आणि घरातून प्रकल्प बंद करण्याची नोटीस आली. प्रत्येक घमेल्यात दोन-दोन गप्पी मासे सोडून मिटवलं.

10 मार्च 2024

पाच आठवडे. मोजणी: खरवडलेला तळ 2 रोपं. बदकांचा काठ 41. शेतकऱ्याच्या ढिगातला गाळ 17. शेतमातीत पाण्याखाली शून्य.

नऊ महिने बांधावर उन्हात पडलेला गाळ, भर मे महिना सोसलेला, आणि त्यात 17 रोपं. बहुतेक लव्हाळ्याच्या जातीची. तीन-चार ठिकाणी हिरव्या दोऱ्यांचे झुपके, दिसायला शेवाळ पण हाताला खरखरीत, चुरडलं की लसणासारखा उग्र वास. कारा, शेवाळाच्याच गणातली पाणवनस्पती. शाळेच्या पुस्तकात चित्र काढलं होतं, प्रत्यक्ष बोटांत पहिल्यांदा आलं. बिलोरी भिंगातून पाहिलं तर दांड्याच्या प्रत्येक पेराला फांद्यांचं चक्र, त्यात मिरीच्या कणाहून कितीतरी लहान नारिंगी ठिपके. बदकं कारा खातात.

17 मार्च 2024

शेतकरी दादांकडे गेलो, दोन ट्रॉल्या गाळ परत द्या म्हणायला. ते खाटेवर बसले होते, आधी त्यांना वाटलं कार्यालयातून काही भानगड आली. समजल्यावर घरातल्यांना हाक मारून सांगितलं, “आयकलं का, ज्याईनं गाळ देल्ला तेच आता मांगून राहिले.” गाळाचे पैसे घेतले नाहीत. ट्रॅक्टरचे ट्रॉलीला 900 प्रमाणे 1,800 घेतले. चहा दोनदा पाजला.

21 एप्रिल ते 12 मे 2024

दुरुस्ती. या वेळी यंत्र नाही. सगळा दीड एकर एकदम नाही. फक्त 20 मीटर काठ.

उभी भिंत फावड्याने मागे कापत नेली, निघालेली माती पाण्याच्या बाजूला लोटली आणि दर पाच फुटाला एक फूट असा उतार काढला. सहा जणी, चार दिवस, 350 प्रमाणे 8,400. आम्ही पाचही जण फावडी घेऊन होतो. पहिल्या दिवशी दहाच्या पुढे ऊन सोसेना. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाच ते नऊ. काकूंनी उतार डोळ्याने तपासला: “म्हैस न घसरता उतरली पायजे, तवा बरोबर झाला.” माझ्या लेव्हल ट्यूबने तेच सांगितलं, अर्ध्या तासाने.

उतारावर आणलेला गाळ वीतभर नाही, फक्त दोन-अडीच इंच पसरला. त्याने बी वर राहतं. जाड थर दिला तर तळचं बी उगवत नाही, हे गच्चीवर दुसऱ्या फेरीत पाहून ठेवलं होतं.

मग कुंपण, कारण गवत्या मासे तलावातच होते आणि काठाला म्हशी. पैसे वाचवायला संस्थेचं जुनं नायलॉन जाळं बल्ल्यांना बांधून तीन बाजूंनी लावलं. फुकट मिळालं म्हणून खूश होतो.

19 मे 2024

जाळ्यात टिबुकली मेलेली. रात्री कधीतरी बुडी मारून आरपार जायला गेली असणार. मान आणि एक पाय फाशांत, बाकीचं अंग पाण्याखाली तरंगत. सोडवताना पाय हातात आला: बदकासारखा अखंड पडदा नाही, प्रत्येक बोटाला पानासारखी वेगळी पाळी, आणि पाय इतका मागे की जमिनीवर तिला धड चालताही येत नसणार. पाण्याखाली मात्र त्याच पायांवर तिचं सगळं चालतं.

जाळं त्याच सकाळी कापून काढलं. ज्यांना माशांपासून झाडोरा राखायचा आहे त्यांनी पाण्यात नायलॉन जाळं लावू नये, एवढं ठळक लिहितो. उमरेडच्या बुरुडांकडून बांबूचे तट्टे आणले, आठ फुटी 14, प्रत्येकी 260, म्हणजे 3,640. बल्ल्या 30, प्रत्येकी 90, म्हणजे 2,700. तट्ट्याच्या फटींतून पाणी आणि बारीक मासोळी जाते, मोठा मासा जात नाही, आणि पक्ष्याला ती भिंत दिसते.

दुरुस्तीचा एकूण खर्च 16,540. बिघडवायला 22,000 लागले होते, जलकुंभीचे वेगळे.

16 जून 2024

सचिव भाऊंशी मोकळं बोललो. गवत्याची सूचना माझी चूक होती असं सांगितलं. ते म्हणाले, “आमाले ठाऊक होतं. तुमी शिकलेले, मनून बोललो नाही.” हे वाक्य खूप दिवस टोचत राहिलं. यंदा गवत्याची बोटुकली नाही, असलेले मोठे मासे जाळ्यात येतील तसे विकायचे, असं संस्थेने ठरवलं. मासा तलावातून पूर्ण जायला वर्षं लागतील.

21 जुलै 2024

तट्ट्यांच्या आत पाणी गुडघ्याएवढं. गाळातलं लव्हाळं आणि कारा आलं. त्यात काकूंनी पूर्वेच्या कोपऱ्यातून आणलेली रोपं लावली: हायड्रिलाच्या जुड्या आणि पांढऱ्या, झालरीसारख्या पाकळ्यांची कुमुदिनी. माझी पद्धत होती जुडीला दगड बांधून पाण्यात टाकायचा. एका दिवसात निम्म्या वर आल्या. काकूंची पद्धत: चिकणमातीचा लाडू, त्यात तीन-चार काड्यांची बुडं, पायाच्या अंगठ्याने गाळात भोक पाडून लाडू त्यात सारायचा आणि टाचेने दाबायचा. हात पाण्यात घालायचेच नाहीत. दीड तासात दोनशे लाडू. एकही वर आला नाही. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत धीवर बायांनी अशा लागवडीची कामं बरीच आधी केली आहेत. आम्ही सुरुवातीला तिकडे एक चक्कर मारली असती तर वर्ष वाचलं असतं.

11 ऑगस्ट 2024

लांब शेपटीचा कमळपक्षी घरट्यावर आहे. कुमुदिनीच्या पानांवर चार काड्या, त्याला घरटं म्हणायचं. अंडी चार, भोवऱ्याच्या आकाराची, पॉलिश केल्यासारखी तपकिरी. उबवतो नर. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे गेलेली असते.

काल रात्रभर पाऊस होता, पाणी चढत होतं. सकाळी दुर्बिणीतून पाहिलं तर घरट्याची एक कड पाण्याखाली गेलेली. नर उठला, चार-पाच हातांवरच्या दाट पानांवर गेला, परत आला. मग एक अंडं हनुवटी आणि छातीच्या मध्ये दाबून धरलं आणि पाठीमागे सरकत, लांब बोटं पानांवर पसरत, ते नव्या जागेवर ओढत नेलं. मध्ये एकदा अंडं सुटलं, तरंगलं, पुन्हा धरलं. चार अंड्यांना पाऊण तास. पाळीवर आम्ही तिघे होतो आणि चहा थर्मासमध्येच गार झाला.

फोटो काढला नाही, कोणाला कळवलं नाही. गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हेच. एका घरट्यासाठी वीस कॅमेरे येतात आणि मग नर अंड्यांवर बसत नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत कुंपणाजवळ जायचं नाही असं ठरलं. तुम्हीही जुलै ते सप्टेंबर पाण्यात काम ठेवू नका. लागवड करायची तर पाऊस लागताच उरका. आमची 21 जुलैची लागवड उशिराचीच होती, जोडी त्याआधी आली असती तर तीच उधळली असती.

29 सप्टेंबर 2024

पिल्लं निघून गेली. तीन दिसली होती, चौथ्याचं काय झालं माहीत नाही. तट्ट्यांच्या बाहेरही कुमुदिनी दोन ठिकाणी पसरली. ती आम्ही लावलेली नाही.

10 नोव्हेंबर 2024

काठावर गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा सडा. मुग्धबलाक येऊन गेले. शंख फुटलेला नाही, आतली गोगलगाय मात्र गायब. उघड्या चोचीची ही करामत.

वारकरी आले आणि येताच आमची हायड्रिला उपटायला लागले. आमच्यातला एक जण फटाके लावून हाकलू म्हणाला. ज्यांच्यासाठी लावली तेच खातात म्हणून हाकलायचं! वाद झाला. शेवटी तट्ट्यांच्या आतल्या एका कोपऱ्यावर, पाण्याच्या वर, बांबूच्या कामट्यांचं छत टाकलं, सहा फूट बाय सहा फूट, रोपांची पेढी म्हणून. बाकी त्यांचं. वारकरी तोडतात त्यातले तुकडे वाहत जातात आणि हायड्रिला तुकड्यातूनही रुजते, त्यामुळे पसरवण्याचं कामही तेच करतात.

12 जानेवारी 2025

मोजणी. कोपऱ्यात एकूण 168. वारकरी 71, टिबुकल्या 19, भुवई बदकं 23, थापट्या 12, जांभळ्या पाणकोंबड्या 6, कमळपक्षी 8, हळदीकुंकू 6, काणूक बदकांची एक जोडी, छोटे पाणकावळे 11, बाकी बगळे आणि तुतारी. भुवई आणि काणूक इथे याआधी नोंदलेले नाहीत. ताट 55 सेंटिमीटर.

2023 मध्ये, काही न करता, 212 होते.

जांभळ्या पाणकोंबड्या 31 वरून 6 वर का, याचं उत्तर सरळ आहे. पाणकणसाचं बेट आम्ही मुळासकट काढलं होतं आणि ते अजून हातभरही वाढलेलं नाही. जलकुंभीवरही त्या फिरत असत. जलकुंभी वाईटच, पण ती काढायची तर आधी दुसरा झाडोरा उभा हवा. एका वर्षी एक पट्टी, बाकी तशीच ठेवून. आम्ही ताट आधी उचललं आणि वाढायला नंतर बसलो.

सचिव भाऊंनी तट्ट्यांजवळ मरळीची पिल्लं पाहिली म्हणतात. मी पाहिली नाहीत.

26 जानेवारी 2025

ग्रामसभेत उरलेल्या 60 मीटर काठाचा विषय आला. एका सदस्याने विचारलं, “जेसीबीनं दोन दिवसांत होते न, मंग फावड्यानं कायले?” मी उठायच्या आत काकू उठल्या.

यंदा आणखी 20 मीटर, एप्रिलमध्ये, पहाटेच्या पाळीने. पाण्यातले पाच तट्टे कुजलेत, बुरुडांना नव्या सातचं सांगून ठेवलं, भाव आता 280. शेतकरी दादांच्या बांधावर अजून दीडेक ट्रॉली गाळ शिल्लक आहे. त्यावर त्यांनी तुराट्या रचून ठेवल्यात, त्या आधी हलवाव्या लागतील.